गाडी ओढते, आपटते, झुलते: सस्पेन्शन आर्मबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीला आमचं गॅरेज आहे. जून-जुलैच्या पावसात रस्ते उखडतात आणि चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या दारात गाड्यांची रांग लागते. पाहुणे, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणि गणपती घेऊन प्रत्येकाला गावी जायचं असतं, आणि गाडी नेमकी तेव्हाच खडखडायला लागते. त्या रांगेतले लोक जे विचारतात, ते इथं लिहून ठेवलंय. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "शॉकअप गेलेत, बदलून टाका." बऱ्याचदा शॉकअप ठणठणीत निघतात आणि दोष आर्ममध्ये नाहीतर आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरात, सापडतो.

वजन स्प्रिंग पेलते, धक्का शॉकअप जिरवतो. मग आर्म करतो काय?

आधी एक दुरुस्ती. धक्का स्प्रिंगच खाते. स्प्रिंग एकदा दबली की झुलत राहील, ते झुलणं शॉकअप थांबवतो. नावामुळं सगळं श्रेय त्याला मिळतं, आणि सगळी शिवीही.

आर्मचं काम वेगळं. चाकानं वरखाली होताना कुठल्या वाटेनं जायचं, ते तो ठरवतो. दाराचं बघा. दार ढकललं की त्याची कडा सरळ रेषेत जात नाही, बिजागरीभोवती अर्धगोल काढते. आर्मचं आतलं टोक क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईला, बुशमधून बसवलेलं असतं, बाहेरचं टोक बॉलजॉइंटनं, म्हणजे गोळ्याच्या सांध्यानं, चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याला. त्यामुळं चाक खड्ड्यात उतरताना आणि बाहेर येताना असाच कंस काढतं. त्या कंसात चाक थोडं आत-बाहेर सरकतं, थोडं कलतं, कधीकधी थोडं वळतंही. गाडी रस्त्याला धरून चालते की भरकटते, याचा निम्माअधिक हिशेब या बारीक हालचालींमध्ये असतो.

आर्म लांब असला तर काय, आखूड असला तर काय?

आकडे मांडून बघू. ३५० मिलिमीटर लांबीचा आर्म अगदी आडवा धरा. चाक ६० मिलिमीटर वर गेलं की आर्मचं बाहेरचं टोक सुमारे ५ मिलिमीटर आत खेचलं जातं. आर्म २५० मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच उचलीला ते ७.३ मिलिमीटर आत येतं. आर्म आखूड तसा कंस जास्त वाकडा, आणि तेवढा टायर रस्त्यावर आडवा घासतो.

आता तोच ३५०चा आर्म आडवा न धरता किंचित उतरता बसवा, बाहेरचं टोक ३० मिलिमीटर खाली. चाक ६० मिलिमीटर वर आलं की टोक ३० खालून ३० वर जातं. सुरुवात आणि शेवट एकाच उभ्या रेषेत, मधल्या वाटेत जेमतेम १.३ मिलिमीटर बाहेर. तोच आर्म, तेवढीच उचल, फक्त बसवण्याचा कोन वेगळा, आणि पाचाचं सव्वा झालं. बहुतेक गाड्यांचा लोअर आर्म कंपनीतून येताना बाहेरच्या बाजूला थोडा उतरता का असतो, ते यावरून कळावं. गाडीची उंची बदलणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

माझ्या गाडीला वरचा आर्मच नाही म्हणतात. कोणी काढून घेतला का?

नाही, तुमच्या गाडीला तो कधी नव्हताच. स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन, पंच अशा छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात खाली एक आर्म, आणि वर आर्मच्या जागी शॉकअपची जाड नळीच चाकाला सरळ धरून ठेवते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरनं १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका छोट्या शेव्हरोलेसाठी ही रचना केली. ती गाडी काही बाजारात आली नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना हा स्ट्रट लागला. आपल्याकडे १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यासोबत तो घरोघरी पोचला.

भाग कमी, खर्च कमी, आणि मधे आडवं इंजिन ठेवायला भरपूर जागा, हे त्याचे गुण. दोष असा की चाक वर जाताना त्याचा कल सुरुवातीला हवा तसा, म्हणजे वरचं टोक आत, असा बदलतो. पण आर्म आणि स्ट्रट यांच्यातला कोन काटकोनाच्या पुढं गेला की चाक उलट दिशेला कलायला लागतं. नेमकं जोरात वळण घेताना, पाच माणसं आणि डिकी भरलेली असताना, बाहेरच्या टायरची आतली कड हलकी पडते आणि पकड कमी होते.

मग डबल विशबोनच घ्यावं का?

विशबोन म्हणजे कोंबडीच्या छातीजवळचं ते चिमट्यासारखं हाड. आर्मचा आकार तसा, म्हणून नाव तसं. एक वर, एक खाली. वरचा मुद्दाम आखूड ठेवतात. मघाचेच आकडे घ्या: खालचा ३५०, वरचा २५०, दोघांच्या बॉलजॉइंटमध्ये २५० मिलिमीटर उंची. चाक ६० मिलिमीटर वर गेलं की वरचं टोक खालच्यापेक्षा साधारण २ मिलिमीटर जास्त आत येतं, म्हणजे चाक सुमारे अर्धा अंश आत कलतं. वरचा आर्म थोडा तिरका बसवला तर आणखी जास्त. वळणावर गाडीची बॉडी बाहेर झुकते, तिच्याबरोबर चाकही बाहेर झुकू पाहतं. हा अर्धा-एक अंश त्या झुकण्याला उलटा उतारा. टायर रस्त्यावर सपाट राहतो.

जुन्या प्रीमियर पद्मिनीला पुढं हीच रचना होती. आजच्या थारला, इनोव्हा क्रिस्टाला, फॉर्च्युनरला आहे. पण केवळ नावावर जाऊ नका. इनोव्हा हायक्रॉसला पुढं मॅकफर्सन आहे आणि ती घेतलेल्यांपैकी कोणी ‘माझं विशबोन कुठं गेलं’ म्हणत आमच्याकडे आलेलं नाही. बुश फाटलेल्या डबल विशबोनपेक्षा नीट राखलेला मॅकफर्सन मी कधीही चालवीन.

चोर्ला घाटात गाडी इतकी का झुकते? मित्राची तशीच गाडी कमी झुकते.

पहिला संशय टायरच्या हवेवर, दुसरा शॉकअपवर, तिसरा अँटी रोल बारच्या, म्हणजे झुकणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याच्या, लिंक रॉडवर. ते सगळं ठीक असेल तर प्रश्न रोल सेंटरचा. गॅरेजमध्ये हा शब्द काढला की लोक घड्याळ बघतात, तरी एकदा समजून घ्या.

गाडी समोरून बघा. लोअर आर्मची रेषा आतल्या दिशेनं मनातल्या मनात वाढवत न्या. मॅकफर्सन असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमधून स्ट्रटला काटकोनात दुसरी रेषा काढा. दोन्ही रेषा कुठंतरी, बहुधा पलीकडच्या चाकाच्याही पुढं, एकमेकींना भेटतात. त्या भेटीच्या बिंदूपासून, टायर रस्त्याला टेकतो तिथपर्यंत तिसरी रेषा. ती गाडीच्या मध्यरेषेला जिथं छेदते ते रोल सेंटर. वळणावर बॉडी या बिंदूभोवती झुकते.

गाडीचं वजन मात्र त्याच्या बरंच वर, गुरुत्वमध्यावर असतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे पहारीची लांबी. पहार जितकी लांब, तितक्या सहज बॉडी कलते. उदाहरणासाठी धरू: गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर, रोल सेंटर ८० वर. पहार ४७० मिलिमीटरची.

केरीहून वर चढताना ती लागोपाठची वळणं येतात, तिथं एका वळणावर झुकलेली गाडी सावरायच्या आत दुसरं वळण समोर असतं. रोल सेंटर आणि गुरुत्वमध्य यांच्यात अंतर जास्त असलेली गाडी अशा ठिकाणी मागच्या सीटवरच्यांना उलटी करायला लावते. मित्राची गाडी त्याच मॉडेलची असली तरी तिच्या स्प्रिंग बसलेल्या नसतील, तुमच्या बसल्या असतील. हा फरक पुढच्या उत्तरात येतो.

गाडी खाली बसवली तर ती रस्त्याला जास्त चिकटून चालेल ना?

गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. त्याच्यापुढं बघितलं जात नाही. मघाची गाडी ४० मिलिमीटर खाली आणू. गुरुत्वमध्य ५१० झाला. पण आर्म जो उतरता होता तो आता आडवा, कधी उलटा चढता झाला, आणि मॅकफर्सनच्या गाडीत रोल सेंटर त्याहून कितीतरी वेगानं खाली जातं. समजा ते ८०वरून शून्यावर आलं. पहार किती? ५१०. वाढली. म्हणून स्प्रिंग तेवढीच मऊ ठेवून किंवा आहे तीच कापून खाली आणलेली गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. झुकत नाही असं वाटायला लावायचं तर स्प्रिंग दगडासारखी कडक करावी लागते, मग गोव्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर मणक्याचा हिशेब चुकता करायचा. शिवाय स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते, बंपस्टॉप, म्हणजे शेवटचा रबरी अडथळा, लवकर लागतो आणि गाडी वळणाच्या मधेच उसळते.

गेल्या वर्षी एक मुलगा कापलेल्या स्प्रिंगांची हॅचबॅक घेऊन आला. चोडणला आजोळ. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवताना बंपरचा खालचा ओठ फळीवर राहिला आणि गाडी बोटीत गेली. मागून रांगेतल्या बाईनं तो उचलून दिला म्हणे. त्यानं गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणून घेतली, आणि "आता वळणावर बरी वाटते" हेही त्यानंच सांगितलं.

आणि वर उचलली तर? थारला दोन इंचांची किट घालायची आहे.

रोल सेंटर वर जातं, हे ऐकायला छान वाटतं. पण आर्म आता खूप उतरता होतो. चाक वर आलं की ते बाहेरही ढकललं जातं. प्रत्येक खड्ड्यात दोन्ही टायर आडवे घासतात आणि खडबडीत रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे नाक हलवत चालते. वळणावर बाहेरचं चाक बॉडीला वर ढकलू पाहतं. ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, जॉइंट जास्त कोनात फिरून लवकर झिजतात, त्यांच्यावरचा रबरी बूट फाटतो. किट चांगली असेल तर तिच्यात डिफरन्शियल खाली घेणारे तुकडे, वेगळे वरचे आर्म वगैरे येतात. नुसत्या स्प्रिंगखालच्या चकत्या असतील तर पैसे वाचवा.

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, हेही लक्षात असू द्या.

खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप झटका मारतं. का?

याला बंप स्टिअर म्हणतात. चाकाला दोन जण धरून आहेत: लोअर आर्म आणि स्टिअरिंगचा टाय रॉड. दोघंही आपापला कंस काढतात. दोघांचे कंस जुळले तर चाक वरखाली होताना सरळच राहतं. टाय रॉड आर्मपेक्षा आखूड असला किंवा वेगळ्या कोनात असला तर एकजण चाकाला जास्त ओढतो, दुसरा कमी, आणि तुम्ही स्टिअरिंगला हात न लावता चाक वळतं. कंपनी हे कंस जुळवूनच गाडी देते. नंतर बिघडवतो आपण: उंची बदलून, वाकडा आर्म तसाच ठेवून, किंवा अपघातानंतर क्रॉस मेंबर पाच मिलिमीटर सरकवून बसवून.

घरी बघायचं असेल तर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, एक लांब, एक आखूड. दोन्हींचं एक टोक फळीवर टाचणीनं ठोका, दुसऱ्या टोकांना तिसरी पट्टी टाचणीनं जोडा. आता ती वरखाली करा. ती कशी तिरकी होत जाते बघा. एका कॉलेजच्या पोराला मी तासभर समजावत होतो, त्याच्या धाकट्या बहिणीनं हे करून दोन मिनिटांत समजावलं.

मेस्त्री म्हणतो बुश गेला. एवढंसं रबर, त्यानं काय होतं?

सगळं होतं. एवढा वेळ आपण आर्मच्या लांबीचे आणि कोनाचे मिलिमीटर मोजले. बुश सैल झाला की ते सगळे मिलिमीटर रोज बदलायला लागतात.

छोट्या गाडीचा लोअर आर्म इंग्रजी एल अक्षरासारखा असतो. त्याला दोन बुश. पुढचा लहान आणि टणक, तो वळणाचा जोर घेतो. मागचा मुठीएवढा आणि मऊ. चाक खड्ड्याच्या कडेला आदळलं की ते क्षणभर मागं सरकायला हवं, नाहीतर तो आघात जसाच्या तसा सीटपर्यंत येईल. मागचा मऊ बुश ती सवलत देतो. गाडी ‘गादीसारखी’ चालते म्हणतात त्यात या रबराचा वाटा मोठा आहे.

रॅम्पवर गाडी घेतली की मी बॅटरी मारून हा बुश दाखवतो. मधे लोखंडी नळी, भोवती काळं रबर, आणि रबरात केळ्यासारख्या वाकड्या दोन फटी. या फटी कंपनीनंच ठेवलेल्या असतात, मागं-पुढं मऊपणा यावा म्हणून. शेजारच्या तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये याच फटी दाखवून "बघा, फाटलाय" म्हणत एका म्हाताऱ्या मास्तरांना चांगले आर्म बदलायला लावले होते. खरा फाटलेला बुश ओळखायचा तर आर्म आणि क्रॉस मेंबर यांच्यात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून दाबायची. चांगल्या बुशात नळी थोडी सरकते आणि रबर तिला परत ओढतं. फाटलेल्यात नळी ठक्कन लोखंडाला टेकते, आणि फटीच्या कोपऱ्यातून निघालेली चीर ओठासारखी उघडते. आत लाल माती साचलेली असेल तर ती चीर जुनी आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या धुळीचा तेवढा एक उपयोग.

बुश फाटल्यावर ब्रेक लावला की चाक मागं जातं, सोडला की पुढं. त्याबरोबर कॅस्टर, म्हणजे बाजूनं बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाला असलेला मागचा कल, दोन्ही बाजूंना वेगळा होतो. परिणाम: ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते, वळण संपल्यावर स्टिअरिंग नीट मधे परत येत नाही, सिग्नलला थांबताना पायाखाली ‘ठक्क’ होतं.

नवीन बुश चार महिन्यांत परत फाटला. माल खोटा होता का?

असेलही. पण आधी विचारा, बोल्ट कधी घट्ट केला. रबराचा बुश घसरत नाही, पिळला जातो. आर्म हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर बुशची ‘सरळ’ स्थिती ती लटकती होते. गाडी खाली ठेवली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि त्याच्यावर खड्ड्यांचा पीळ आणखी. बोल्ट हातानं लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची किंवा आर्मखाली जॅक लावून तिच्या नेहमीच्या उंचीवर आणायची, मग टॉर्क पान्यानं आवळायचं. सुरुवातीच्या वर्षांत मी हे न कळल्यामुळं एकाच टॅक्सीवाल्याचे बुश दोनदा फुकट बदलून दिले. तिसऱ्यांदा त्यानंच मॅन्युअल आणून समोर ठेवलं.

पॉलियुरेथेनचे बुश घालू का? टिकतात म्हणे.

टिकतात. स्टिअरिंगही नेमकं होतं. पण मागं सरकायची सवलत जाते, खड्ड्याचा प्रत्येक कोपरा हाताला लागतो आणि ग्रीस वाळलं की करकर. पणजी-मडगाव रोज करणाऱ्यानं रबरच घालावं.

दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करतो, तरी टायर आतून खातो.

चाकांचे कोन मोजणारं अलाइनमेंट मशीन उभ्या गाडीचा फोटो काढतं. रस्त्यावर गाडी चालू असते. मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे असतात, आणि सैल बुशामुळं चालताना चाक बाहेर उघडत असतं.

टोचा, म्हणजे वरून बघितल्यावर चाक किती आत किंवा बाहेर वळलंय त्याचा, हिशेब करून बघा. पंधरा इंची रिमवर एका चाकाला १ मिलिमीटर चुकीचा टो, म्हणजे साधारण ०.१५ अंश. चाक जायचं त्या दिशेपासून एवढंसंच वाकडं. तरी दर किलोमीटरला टायर सुमारे २.६ मीटर आडवा घासला जातो. पणजीहून मडगावला पोचेपर्यंत ऐंशी-नव्वद मीटर. जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर टायर आडवा ओढत नेल्यावर तो खाणारच.

कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल, एकाच बाजूला बिघडलेला दिसला तर आर्म किंवा नकल वाकलाय का ते आधी बघा. छोट्या गाड्यांना कॅम्बरची सेटिंगच नसते, तो आर्म आणि स्ट्रट यांच्या मापावरच ठरलेला असतो. अशा वेळी टो ओढूनताणून ‘जुळवून’ देणारा मेस्त्री तुमचं दुखणं दोन महिने पुढं ढकलतो.

एक छोटी सूचना: रस्त्यांना पाणी वाहून जायला कडेकडे उतार असतो, त्यामुळं डाव्या लेनमध्ये प्रत्येक गाडी थोडी डावीकडे सरकते. झुआरीच्या पुलावर वाराही बाजूनं येतो. गाडी ओढते हे ठरवण्याआधी सपाट, वारा नसलेल्या जागी बघा.

ब्रेक मारला की नाक खाली का जातं?

वजन पुढं येतं म्हणून. पण किती खाली जावं हे आर्म ठरवू शकतो. आर्मची आतली धुरी बाजूनं बघितल्यावर किंचित तिरकी बसवली, तर ब्रेकचा जोर आर्ममधूनच बॉडीला वर उचलू लागतो. फार तिरकी केली तर ब्रेक दाबताना खड्डे टणक लागतात, म्हणून कंपन्या यात बेताबेतानंच घेतात. आपल्या हातात यातलं काही नाही, सोडून द्या.

रुंद रिम आणि स्पेसर लावले. स्टिअरिंग जड का झालं?

स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो रस्त्याला एका बिंदूत टेकतो. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. स्पेसरनं, म्हणजे रिममागं घातलेल्या चकतीनं, टायर बाहेर गेला की हे अंतर वाढतं आणि स्टिअरिंग जड होतं. मग डाव्या चाकाखाली रेती आणि उजव्याखाली डांबर असताना ब्रेक मारला, तर स्टिअरिंग हातातून हिसकावलं जातं. बागा-कळंगुटच्या बाजूला कडेला नेहमी वाळू असते. व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच.

मागच्या चाकांना आर्म असतात का?

बहुतेक हॅचबॅकना मागं ट्विस्ट बीम असतो. दोन लांब हात आणि त्यांना जोडणारा, पीळ सहन करणारा आडवा पत्रा. १९७४च्या फोक्सवॅगन गोल्फनं हा प्रकार रुजवला. स्वस्त, टिकाऊ, आणि खड्ड्यांच्या रस्त्याला आमच्या मते उत्तम. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला थोडा पोचतो, तेवढी तक्रार.

जिम्नीला पुढं-मागं सलग अॅक्सल आहे. सलग अॅक्सलला डावीकडे-उजवीकडे धरून ठेवायला एक आडवा रॉड लागतो. तोही शेवटी आर्मच, म्हणजे तोही कंस काढतो, आणि अॅक्सल वरखाली होताना किंचित बाजूला सरकतो. स्कॉर्पिओ-एनच्या मागं याच्याऐवजी वॉट लिंकेज आहे: दोन रॉड आणि मधे फिरणारा तुकडा, त्यामुळं अॅक्सल जवळजवळ सरळ उभ्या रेषेत चालतो. ही कल्पना जेम्स वॉटची, १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी केलेली. स्कॉर्पिओवाल्यांना हे सांगितलं की त्यांची छाती दोन इंच फुगते.

स्प्रिंग थोडी कडक घातली तर एवढा फरक का पडतो?

स्प्रिंग आर्मवर कुठं बसलीय ते बघा. डबल विशबोनमध्ये ती आर्मच्या मधल्या भागावर असते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटर दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या ०.७ गुणिले ०.७, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग जवळजवळ चाकाएवढीच दबते. म्हणून एका गाडीच्या स्प्रिंगचा आकडा दुसरीला लावू नये.

आर्म वाकलाय. ठोकून सरळ करता येईल?

नाही. लोखंडी पत्र्याचा आर्म ठोकून सरळ दिसेल, पण त्याची ताकद गेलेली असते. अॅल्युमिनियमचा तर चीर न दाखवता एके दिवशी तुटेल.

समुद्राजवळ राहतो. काही वेगळं करावं लागतं?

खारी हवा बॉलजॉइंटच्या बुटाला काही करत नाही, पण बूट एकदा फाटला की आतला गोळा एका पावसाळ्यात गंजून सैल होतो. आर्मच्या वेल्डिंगच्या कडा गंजतात आणि बुशमधले बोल्ट गंजून नळीला चिकटतात. मग दोन तासांचं काम दिवसभर चालतं. दर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्यानं धुवा. किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. गोव्यात त्याला बंदी आहेच, आणि अडकलेल्या गाडीच्या बुशांत शिरलेली वाळू काढण्याचा आम्हालाही कंटाळा आहे.

अलाइनमेंटला गाडी रिकामी आणू की भरलेली?

साध्या घरगुती गाडीला टाकी अर्धी आणि डिकी रिकामी, एवढं चालतं. कंपनीनं मॅन्युअलमध्ये वेगळं वजन सांगितलं असेल तर ते पाळा. पण गाडी रोज ज्या उंचीवर चालते, त्या उंचीवरच आर्मचे कोन खरे असतात.

म्हापशाला मासळी पोचवणारा एक व्हॅनवाला आमच्याकडे दर दोन महिन्यांनी येतो. दरवेळी रिकामी व्हॅन मशीनवर चढायची, आकडे हिरवे यायचे, आणि दोन महिन्यांत टायर पुन्हा कडेनं जायचा. एकदा तो चुकून पहाटे, माल उतरवायच्या आधी आला. बर्फ आणि बांगड्याची क्रेट भरलेली. गाडी चार बोटं खाली बसलेली, आर्म जवळजवळ आडवे, आणि टो मशीनवर पार वेगळा. तशीच सेट करून दिली. टायर टिकला. आता त्याला मासळी आणायला लावत नाही, तेवढ्या वजनाची रेतीची पोती आम्हीच मागच्या कोपऱ्यात ठेवलीत. वास मात्र त्या दिवशीपासून रॅम्पच्या खड्ड्यात आहे तो आहेच.